लवूची फळी

शुक्रवार, ३ नोव्हेंबर १९३३

लवू आला!

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

आगबोट सकाळी साडेआठाला आली. समुद्र तेलासारखा सपाट. उतारू धक्क्याला नेणारा आमचा पडाव शिडीखाली धरला, उतारू घेतले — दोन बाया, एक मास्तर, कोंबड्यांचा झाप, आणि सगळ्यांत शेवटी एक काळा, वाळलेला माणूस. डोक्याला फडकं, काखेत बोचकं. कुणाचा हात न धरता उतरला नि नेमका माझ्यासमोर येऊन बसला. मी आघाडीचा वल्हेकरी, माझं तोंड उतारूंकडे. दहाबारा हात मारले असतील-नसतील, तो म्हणतो, “हरया, वल्हा लवकर उचलतंस. अजून खोड गेली नाय तुजी?”

आठही वल्ही थांबली! माझ्या मागचा काशीराम रामनाम घ्यायला लागला. पडाव वाहत खडकांकडे निघाला तेव्हा आप्पा तांडेल सुकाणूवरून ओरडले, “मारा रे हात! मेलेला असो नायतर जित्ता, उतारू हाय तो. धक्क्याला लावायचा!”

लवू माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठा. या किनाऱ्यावर त्याच्यासारखं वल्हं कुणाचं नव्हतं. गेल्या वर्षी वैशाखात जयगडासमोर त्याचं गलबत फुटलं, सहाजण गेले. पाचांची प्रेतं किनाऱ्याला लागली, लवूचं लागलं नाही. त्याला बाप नाही, भाऊ नाही. म्हणून दर्भाचा नि पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी दिला तो मी. आणि आज मी ज्या फळीवर बसून वल्हं मारत होतो, ती फळी त्याची.

शनिवार, ४ नोव्हेंबर

काकी, लवूची आई, दाराबाहेर आली नाही!

लवू अंगणात पाऊण तास उभा. आई वारली, बाबा मुंबईला गिरणीत, त्यामुळे मी यमुनाकाकीकडेच वाढलो. तिला मी ओळखतो असं मला वाटत होतं. वाटलं, रडेल, गळ्यात पडेल, गाव गोळा करील. दाराआडून म्हणाली, “माज्या लवूला हरीनं पोचवलान्. ह्यो कोन ता माला ठाव नाय. पेज घाल नि लाव वाटेला.”

लवूने उभ्याने पेज प्यायली. वाडगा उपडा ठेवला आणि होडीच्या खोपीत जाऊन झोपला.  

रविवार, ५ नोव्हेंबर

भटजींकडे गेलो — आप्पा आणि मी. लवूला फाटकाबाहेर थांबवला.

भटजींनी पोथी काढली, चष्मा पुसला, पुन्हा पोथी. “ज्याची क्रिया झाली तो परत आला, तर त्याला पुन्हा जन्मावं लागतं रे. तुपाने माखायचं, न्हाऊ घालायचं, आईच्या मांडीवर द्यायचं. बारा दिवस सूर्य दाखवायचा नाही, बाराव्याला बारसं. तोवर त्याला नाव नाही, घर नाही, पंगत नाही. तोवर तो मेलेलाच.” मुहूर्त निघाला वीस तारखेचा.

आप्पांनी बोटं मोजली. वीस नि बारा! सरावाचे बारा दिवस बुडणार, आणि निवडीची शर्यत तीन डिसेंबरला. मुंबईच्या एका शेठला रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून एकच होडी निवडायची आहे. भाट्याच्या खाडीत तीन होड्या — आमची, मिऱ्याची, कर्ल्याची. जिंकतील ते आठजण मुंबईला जातील, शिमग्याच्या मोठ्या शर्यतीसाठी, आणि पुढे शेठच्या लाँचींवर कायमची नोकरी. मला त्या आठांत असायचंय. गेले आठ महिने मी दुसरा विचार केलेला नाही. आणि आता आम्ही नऊ आहोत.

“आदी शर्यत,” आप्पा म्हणाले, “मंग बारसा.”

“मेलेल्याला होडीत बसवणार, तांडेल?” भटजींनी विचारलं.

“वल्हा मारता येताय ना त्येला?”

भटजींनी पोथी मिटली. वाटेत आप्पा शीळ घालत होते.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

पहिला सराव. आप्पांनी लवूला आघाडीच्या फळीवर बसवलं, मला त्याच्या मागे. कुणी विचारलंसुद्धा नाही मला! आठांतला बाबू आज धक्क्यावर.

हात मोजायचं काम माझं, सहावीपर्यंत शिकलेला मीच एकटा. खाडीच्या तोंडापासून कर्ल्याच्या धक्क्यापर्यंत आमचे चारशे दहा हात व्हायचे. आज तीनशे ब्याऐंशी. काशीराम भीती विसरून हसायला लागला. होडी आमच्याखालून पळत होती, आम्ही नुसते तिच्या मागे.

पण एक गोष्ट. लवूच्या वल्ह्याचा आवाज येत नाही. बाकी सातांचं सगळं ऐकू येतं — खुंट्याला दोर घासतो, पाणी फाटतं, पातं उचललं की थेंब गळतात. त्याचं पातं आत जातं, बाहेर येतं, पाणी हूं की चूं करत नाही. मी पुढे वाकून कान देत होतो तर माझीच लय चुकली. आप्पांनी शिव्या घातल्या.

शेवटी सगळे धापा टाकत होते. त्याची पाठ माझ्यापासून हातभर. वर-खाली होत नव्हती.

बुधवार, ८ नोव्हेंबर

पुन्हा तीनशे ब्याऐंशी. त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. ‘ए’, ‘तो’, ‘पुढचा’.

शनिवार, ११ नोव्हेंबर

त्याचं जेवण मी पोचवतो. हातात ताट द्यायचं नाही. केळीचं पान जमिनीवर ठेवायचं नि मागे व्हायचं. काकी रांधते, पान वाढते, पण खोपीकडे बघत नाही. आज भात, कुळथाचं पिठलं, सुका बांगडा. मी मागे झालो. तो पानासमोर बसून राहिला.

“जेव की रे दादा, निवेल.”

“थांब वाईच.”

आढ्यावरून कावळा उतरला. भाताला चोच लावली नि उडाला. मग लवू जेवायला लागला, चवीने, बांगड्याचे काटेसुद्धा चावून.

“रोज असाच?” मी विचारलं.

“आदी त्येचा. मंग माजा.”

एवढ्या सहज म्हणाला! मी घरी येऊन जेवलो नाही. काकीने का ते विचारलं नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

होडी वर ओढत होतो, दोघेच होतो. तो म्हणाला, “हरया, किती वेळ जळलो मी?”

दोर हातातून सुटला. “तू नव्हतास. पुतळा होता. पळसाची पानं, दर्भ, डोक्याला नारळ.”

“किती वेळ?”

“दोनेक तास.”

“नारळ फुटला?”

“फुटला.”

त्याने मान हलवली, काहीतरी जुळल्यासारखी. मग सांगितलं. कच्छी गलबताने त्याला पाण्यातून काढला, सिंधपलीकडे मकराणला नेला. पाय मोडलेला, भाषा कळेना, परतीचं गलबत मिळेना. तिथेच खलाशांची भांडी घासत राहिला. माघातली वद्य एकादशी — तिथी लक्षात राहिली कारण स्वयंपाक्याचा उपास होता — सकाळी धडधाकट असताना एकाएकी अंग भाजायला लागलं. समुद्राचं पाणी ओतलं तर म्हणे वाफा निघत होत्या. दोनेक तास. मग कवटीत फाट् करून वाजलं आणि सगळं शांत. “तवापासून ऊन लागत नाय, थंडी लागत नाय.”

मी अग्नी दिला तो माघ वद्य एकादशीला.

मी त्याला तिथी सांगितलेली नाही. आप्पांनी सांगितली असेल. काशीरामने सांगितली असेल. गावात काय, एकाचं दहातोंडी होतं. तसंच असेल.

बुधवार, १५ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. इथे नाही लिहिणार तर कुठे?

बारा वर्षं थांबायचं असतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पुतळा. आम्ही दहा महिन्यांत उरकलं. शिमग्यानंतर तांडेल वर्षाची माणसं ठरवतात, आणि गेलेल्याची फळी क्रिया झाल्याशिवाय कुणाला देत नाहीत — अशी आमच्याकडची रीत. मला ती फळी हवी होती. बास. दुसरं कारण नव्हतं. पौषभर काकीच्या मागे लागलो. ‘अगं, त्याला गती नको मिळायला? पाण्यात तिष्ठत असेल तो!’ ती म्हणायची, अजून येईल रे. मी म्हणायचो, येणारा आला असता. माघापर्यंत ती दमली. भटजींनाही मीच सांगितलं की आईची इच्छा आहे.

चितेपाशी मला रडू आलं ते खरं होतं. परत येताना स्वतःचे दंड चाचपून बघत होतो, तेही खरं.

शनिवार, १८ नोव्हेंबर

आप्पांनी मला उतरवलं!

यादी दसऱ्यालाच मुंबईला गेली आहे. आठ नावं, वयं, उंची. त्यात बदल करायचा नाही — कुठेतरी कुणीतरी भाड्याची माणसं बसवली होती म्हणून शेठची सक्त ताकीद. यादीत माझं नाव. लवूचं कुठेच नाही. उलट पाटलाच्या दप्तरात मयतांत आहे. आणि लवू नसेल तर मिऱ्याची होडी आम्हांला खाऊन टाकील, हे आप्पांना दिसतंय. तर म्हणे, “हरया, त्येला तुज्या नावावर बसव. तुमी दोगं एका साच्यातले.”

“काशीरामच्या नावावर बसवा!”

“काशीरामला शेठचा मुनीम वळखतो. तुला कोन वळखतो?”

वा! ऐकून बरं वाटलं!

“नाव दिलंस म्हून झिजतंस काय?”

तोंडाला येईल ते बोललो. तांडेलाला असं कुणी बोलत नाही. मी बोललो. लवू होडीत बसून ऐकत होता. पाठमोरा.

सोमवार, २० नोव्हेंबर

आज मुहूर्त होता. गेला.

काशीरामला सहज कावळ्याची गोष्ट सांगितली. सहज कसली! ठरवून सांगितली. मकराणच्या तापाचंही सांगितलं, थोडं मीठमसाला लावून.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

तिघे सरावाला आले नाहीत. काशीरामची बायको सखू धक्क्यावर येऊन ओरडून गेली, “मेलेल्याच्या मागं बसून माजा नवरा वल्हा मारनार नाय! करा काय ता!” बाकीचे तोंड फिरवून घरी.

मला आनंद झाला. काय लपवायचं!

लवू मात्र होडीतून उतरला नाही. एकटा फळीवर, वल्हं मांडीवर आडवं. भरती आली, होडी तरंगली. ओहोटी आली, होडी चिखलात टेकली. दुपारी उन्हाने धक्क्याचा दगड पायाला चटके देत होता. तो बसलाच होता. संध्याकाळी पान न्यायला काही मी गेलो नाही.

बुधवार, २२ नोव्हेंबर

आप्पा दुपारी घरी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पडवीत बसले, पाणी प्याले, म्हणाले, “आठ घरांचा घास हाय, हरया.”

मी रिकामा तांब्या उचलायला वाकलो.

“तू त्येला जाळलंस. बारा वर्सा व्हायच्या आदी. तुला फळी हवी व्हती, ता मला ठाव व्हता. मी बी गप ऱ्हायलो, मला बी फळी रिकामी नको व्हती.” थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत बसले. “आता एक दिस नाव दे. शर्यत झाली की तुजा नाव तुला.”

म्हणजे यांना ठाऊक होतं! एवढे दिवस मला वाटत होतं की हे फक्त मला आणि या वहीला ठाऊक. काकी विळीवर सुरमई कापत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “दे.”

एकच शब्द. तिलाही ठाऊक होतं.

नाव देणं म्हणजे काय करायचं असतं? खोपीत गेलो. म्हणालो, “दादा, शर्यतीपुरता तू हरिश्चंद्र.” तो म्हणाला, “बरा.” आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला. आमच्या घराण्यात समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले असतात. त्याचे आहेत, माझे आहेत. तरी मला ते बघवेना.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

सगळे परत आले! सखूने स्वतः नवऱ्याच्या हातात भाकरी दिली नि पाठवला. काल आप्पांनी सांगून टाकलं होतं — होडीत हरिश्चंद्र बसणार, दुसरा कोणी नाही. आता खुशाल हाका मारतात. “हरया, दोर टाक! हरया, सरक!” माणसाला नाव असलं की लोकांना भीती वाटत नाही. मी दोनदा मागे वळून बघितलं.

धक्क्यावरून मोजले. तीनशे सदुसष्ट.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

भर दुपारी बाबू धक्क्यावर माझ्या अंगावर आदळला. म्हणाला, “अरे! दिसलंसच नाय तू.”

रविवार, ३ डिसेंबर

जिंकलो. जिंकले. काय लिहू?

काल पुनव झाली, खाडी काठोकाठ. अख्खी रत्नागिरी काठावर. राजापूरकडची माणसंसुद्धा आलेली. बाराच्या सुमाराला भरती माथ्यावर आली, पाणी उभं राहिलं. मुनीम होडग्यात, डोक्यावर काळी छत्री, हातात यादी, तोंडाला पत्र्याचा कर्णा. एकेक नाव घ्यायचा, होडीतून ‘हजर’ यायचं. मी काठावर, शेरणीच्या झुडपापाशी. ठरवून आलो होतो — ओरडायचं. ‘तो हरिश्चंद्र नाही, मी आहे!’ एवढंच. मग होडी बाद झाली तर झाली. खरंच ठरवलं होतं.

“हरिश्चंद्र!”

माझं तोंड उघडलं. छातीत शब्द भरला. आणि पाण्यावरून आवाज आला, “हजर.”

माझ्यासारखा आवाज म्हणत नाही मी. माझा. मी स्वतःचा घसा धरला. तो हलत नव्हता.

मग शिंग वाजलं आणि मला काही सुचलंच नाही. मिऱ्याची होडी अर्ध्यापर्यंत बरोबरीने होती. तिथे लवूने लय बदलली, नुसती खांद्यांनी, आप्पांनी सांगायच्या आधी, आणि आठही वल्ही एक झाली. दोन होड्यांच्या अंतराने मारली! मी नाचत होतो, ओरडत होतो, अनोळखी माणसाला मिठी मारली. एवढं सुंदर वल्हं मी बघितलेलं नाही. लाज वाटली तीही नंतर, घरी आल्यावर.

मुनीमाने लवूच्या पाठीवर थाप मारली. “शाबास, हरिश्चंद्र!” आप्पांनी मला बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

सोमवार, ४ डिसेंबर

नाव मागायला गेलो. आप्पा जाळं विणत होते. म्हणाले, “मुनीमानं त्वांड बगितलान्. आता आयत्या वेळी दुसरा त्वांड कसा न्यायचा?”

“एक दिवसापुरतं म्हणालात!”

“म्हनालो खरा.”

वीस तारखेच्या आगबोटीने आठजण जायचे, आप्पा बरोबर. माझ्या नावाने तो. आणि मी? “तू हायस की हितं.”

रागाने कानशिलं उडत होती. रस्त्यात सुचलं — अरे, बारसं! बारसं झालं की त्याला त्याचं स्वतःचं नाव मिळेल. मग एकाच नावाचे दोन कशाला? पुन्हा जन्मलेला माणूस मयतांच्या दप्तरातूनही उठतो, मुनीमाला सगळं उघड सांगता येईल. तसाच भटजींकडे गेलो. लवकरात लवकर मुहूर्त काढा म्हणालो. परवाचा नाही, तेरवाचा निघाला. सात.

भटजी चष्म्यावरून बघत होते. “तुला नेहमीच भारी घाई असते रे.”

गुरुवार, ७ डिसेंबर

लवूला न्हाणीघरात पाटावर उकिडवा बसवला. गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, डोळे मिटलेले; बोलायचं नाही. पिंपभर तूप लागतं म्हणे, आम्ही तांब्याभर चोळलं. ज्याने अग्नी दिला त्यानेच हाताला धरून बाहेर आणायचा, म्हणून मी धरला. हात सापडेना एवढा बुळबुळीत, आणि गार! डिसेंबरातल्या विहिरीच्या कठड्याएवढा गार.

काकीने दोन्ही हात पसरले. महिना झाला, तिने त्याच्याकडे डोळा वर करून बघितलं नव्हतं. एवढा बाप्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून कलंडला. तिने त्याला मध चाटवला आणि डोक्याला फडकं बांधलं. मग तो रडला. अगदी बारीक. 

शनिवार, ९ डिसेंबर

बाळंतिणीची खोली बंद. आत शेगडी, वावडिंगाची धुरी. काकी कानाला फडकं बांधून आत. पेज मी दाराशी ठेवतो.

ती अंगाई म्हणते आहे. मला लहानपणी म्हणायची तीच.

बुधवार, १३ डिसेंबर

काल सहावा दिवस. सटवाई येऊन नशीब लिहिते, म्हणून पाटावर कोरा कागद नि दौत-टाक ठेवायची असते. काकीने दाराच्या फटीतून हात बाहेर काढून मागितली. कागद याच वहीतला फाडून दिला.

आज सकाळी दौत-टाक परत आली. कागद कोराच. टाकाचं टोक मात्र ओलं होतं, माझ्या बोटाला शाई लागली.

काकीला विचारलं, कोणी लिहिलं का काही? ती म्हणाली, “शू! निजलाय.”

सोमवार, १८ डिसेंबर

बारसं झालं.

पाळणा शेजारच्या आनंदीबाईंचा. त्यात तो मावतोय कुठला! तो पाटावर बसला, बायांनी पाळणा त्याच्या डोक्यावरून फिरवला. कुणी हसलं नाही. बारा दिवसांत तो भरलाय. गाल आलेत, कातडीला रंग आलाय. मी दाराशी उभा होतो, आनंदात होतो. दोन दिवसांनी आगबोट, सदरा धुऊन ठेवला होता.

भटजी म्हणाले, “जुनं नाव जळलं. ते सोडून कुठलंही ठेवा.” आत्या नाही, म्हणून काकीच वाकली. कानाशी ‘कुर्र’ केलं. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हरिश्चंद्र.”

मी म्हणालो, “काकी, ते माझं —”

काकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मायेने बघितलं, तेच वाईट. एका बाईने माझ्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. आप्पा मान खाली घालून घुगऱ्या खात होते. आधी ठरलं होतं की तिचं तिला सुचलं, कोण जाणे. मी विचारणार होतो. विचारलं नाही. मी तिच्याकडून तिचा मुलगा घाईघाईने काढून घेतला होता. आता काय तोंडाने भांडू?

बुधवार, २० डिसेंबर

आगबोट वेळेवर आली. आठांना पडावातून मीच पोचवलं. शिडीशी उभ्या असलेल्या माणसाने यादी वाचली, एकेकजण चढला. तो — आता काय लिहू त्याला? — वर जाऊन कठड्याशी उभा राहिला. ऊन तापलं होतं. कपाळाचा घाम पुसत होता, अगदी चारचौघांसारखा. मला हात केला. मीही केला.

जाताना आप्पा म्हणाले, “आगाडीची फळी आता तुजीच रे. कायमची.”

हवी होती ना मला!

परतताना पडावात चार नवे वल्हेकरी. 

गुरुवार, २१ डिसेंबर

सकाळी काकीने मागल्या दारातून हाक मारली, “लवू! पेज निवतेय रे!”

अंगणात कोणी नव्हतं. खोपीत कोणी नव्हतं. ती दारात वाट बघत उभी होती.

मी ओ दिली.